मर्सिडीजला रेक्झिन नसतं

ऑड्रीच्या लग्नाला मी माझी मर्सिडीज देऊ केली तेव्हा ती कोणी मागितलेली नव्हती, ही गोष्ट आमच्या घरात पुढे इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या सुरांत सांगितली गेली, की ती मीच सुरुवातीला सांगून टाकतो. नव्हती मागितली. पण शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?

कॅस्मिर लोपीस आणि त्यांची बायको सिसिलिया दुबईत अल मनखूलला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे वसईचे. कॅस्मिरराव एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये होते. मी एका इंग्लिश कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर, मूळचा पुण्याचा, जे बोलायला लागल्यावर सांगावं लागत नाही. "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" असं मी कॅस्मिररावांना पहिल्याच भेटीत म्हणालो होतो. "आईकडनं शिकलो," ते म्हणाले. त्यानंतर दर दिवाळीला आणि दर नाताळला मी हे कौतुक न चुकता केलं आणि त्यांनीही तेच उत्तर तितक्याच शांतपणे दिलं. कौतुकाच्या बाबतीत मी कधी हात आखडता घेतलेला नाही.

तर ऑड्री ही त्यांची मुलगी. तिचं लग्न ठरलं, सप्टेंबरात, ऊद मेथाच्या चर्चमध्ये. नवऱ्यामुलाचं नाव केनेथ. आम्ही पेढे घेऊन अभिनंदनाला गेलो. सिसिलियावहिनींनी सहज सांगितलं, की नवरीसाठी चुलतभावाची नवीन पांढरी जपानी गाडी सांगून ठेवली आहे. त्या 'नवीन' शब्दावर उगाच जोर दिल्यासारखा मला वाटला.

"जपानी?" मी म्हणालो. "अहो, समोरच्या दारात मर्सिडीज उभी असताना नवरी जपानी गाडीतून जाणार? एकोणऐंशीचं मॉडेल आहे. क्लासिक! आणि आत सगळं लेदर."

शोभनाने, म्हणजे माझ्या बायकोने, पेढ्याकडे बघितलं. कॅस्मिरराव म्हणाले, "विजयभाऊ, तुम्हाला कशाला तसदी?" मी म्हणालो, "तसदी कसली, ऑड्री काय मला परकी आहे?" यापुढे मराठी माणसाला नाही म्हणता येत नाही, मग तो पुण्याचा असो की वसईचा. चुलतभावाला फोन करून त्याची गाडी रद्द करण्यात आली.

दुसऱ्याच दिवशी सिसिलियावहिनी गाऊनच्या घेराचा अंदाज घ्यायला गाडीत बसून बघायला आल्या. मागच्या सीटवर टेकल्या, दोन मिनिटं बसल्या, आणि उठताना ट्रर्र असा आवाज झाला. साडी सीटला चिकटली होती. त्या ज्या सभ्यपणे ती सोडवत होत्या, तो सभ्यपणा मला फार लागला.

"गाडी मोठी आहे," त्या म्हणाल्या. मग पदर झटकून, "पण भाऊजी, ऑड्रीचा गाऊन पांढरा आहे."

माझी मर्सिडीज मी एका इंग्लिश इंजिनिअरकडून घेतली होती. तो पाइप ओढायचा. त्याच्या पश्चात, म्हणजे तो मायदेशी गेल्यावर, आमचं खोबरेल, आमच्या मुलाची, तन्मयची, बालपणापासूनची उलटी-ओकारी, आणि एकदा गणपतीच्या जेवणाला नेताना सांडलेली आमटी असं सगळं त्या सीटांनी पचवलं होतं. सीटांचा रंग छान गडद तपकिरी होता. मी त्याला फ्रेंच ब्रँडीवरून 'कोन्याक' म्हणायचो. मधे मधे किंचित काळपट आणि शिवणींत थोडं काही असेल, पण वयानुसार लेदरला एक प्रतिष्ठा येते.

"लेदर नाहीये ते," शोभना म्हणाली. "रेक्झिन आहे."

"शोभना, मर्सिडीजला रेक्झिन नसतं."

"मग एसटीच्या बाकासारखं का चिकटतं?"

अज्ञानाशी वाद घालू नये. शिवाय तिने आठ महिन्यांपूर्वी ड्रायव्हिंग लायसन्स काढलं होतं, पहिल्याच टेस्टला, आणि तेव्हापासून गाडीच्या बाबतीत तिला मतं असायची. मला सहा टेस्ट लागल्या होत्या, पण माझ्या वेळचे इन्स्पेक्टर कडक होते. तिच्या लायसन्ससाठी लागणारं नवऱ्याचं ना-हरकत पत्र मी स्वतः, मोठ्या मनाने, सही करून दिलं होतं. लायसन्सला माझी हरकत नव्हती. गाडीचा त्या पत्रात उल्लेख नव्हता.

सल्ला द्यायला सुजीत आला. सुजीत आमच्या खालच्या मजल्यावर राहतो, कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि नुकतंच घरी इंटरनेट घेतल्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. "लेदरला तहान लागलेली असते, सर," तो म्हणाला. "मॉइश्चर गेलंय. त्याला फीड करावं लागेल." आणि कुठल्याशा दुकानातून लेदरला पाजायच्या तेलाचा एक डबा आणून दिला. साठ दिरहम. "म्हणजे सातशे रुपये," शोभना मोठ्याने म्हणाली. "सातशे रुपयांत पुण्याला अख्खा सोफा पुसून मिळतो."

मी सीटांना तेल पाजलं. पुढच्या, मागच्या, पाठींना, डोकं टेकायच्या उशांना. एका शनिवारी सगळा डबा संपवला. तहानलेल्या लेदरने ते गटागटा प्यायला हवं होतं. पण माझ्या सीटांनी उपास धरला असावा. तेल वरच्या वर तळ्यासारखं साचून राहिलं.

"पोअर्स ओपन झालेले नाहीत," सुजीत म्हणाला. "हीट द्या. काचा बंद करून दिवसभर उन्हात ठेवा."

दुबईत ऑगस्टमध्ये काचा बंद करून गाडी उन्हात ठेवणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी एक कढई डोळ्यांसमोर आणावी. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा आतून जुना बूट तुपात तळल्यासारखा वास आला. सीटांवरचं तेल आटून त्याचा गुलाबजामाच्या पाकासारखा एकतारी पाक झाला होता, आणि त्यावर हवेतली सगळी वाळू येऊन बसली होती. तन्मयला क्लासहून आणताना त्याने मागच्या सीटवर जॉग्रफीचा प्रोजेक्ट शेजारी ठेवला. घरी आल्यावर प्रोजेक्ट निघेना. ओढल्यावर कागद निघाला, पण आफ्रिकेचा नकाशा सीटवरच राहिला. उलटा, पण नद्यांसकट.

"डॅड, युअर कार एट आफ्रिका," तन्मय म्हणाला. हा मुलगा माझ्याशी मराठीत बोलत नाही. मी कॅस्मिररावांच्या मराठीचं कौतुक का करतो ते आता लक्षात यावं.

लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. समोरच्या दारातून सिसिलियावहिनी रोज विचारायच्या, "काय भाऊजी, झालं का?" आणि मी म्हणायचो, "होत आलं." चुलतभावाने आपली गाडी तोपर्यंत दुसऱ्या एका लग्नाला देऊन टाकली होती. ही बातमी कॅस्मिररावांनी मला मुद्दाम सांगितली नाही. ती शोभनाकडून कळली, म्हणजे जास्त लागली.

शेवटी मी मागची सीट बाहेर काढून धुवायचं ठरवलं. इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी धुवायला बंदी होती. पण मी नियम बारकाईने वाचणारा माणूस आहे. बंदी गाडीला होती, सीटला नव्हती. तरीही रीतसर काम करावं म्हणून मालकाच्या ऑफिसात फोन करून गच्चीची किल्ली मागितली. तिथल्या बाईंनी विचारलं, "गच्चीवर काय करायचं आहे?" म्हटलं, "सीट वाळवायची आहे." "कसली सीट?" "गाडीची." "गाडी गच्चीवर कशी नेणार?" मी म्हणालो, "गाडी खालीच राहील." "मग गच्ची कशाला?" त्या बाईंनी मला लेखी अर्ज करायला सांगितला आणि गच्ची फक्त डिश अँटेनासाठी आहे अशी वर माहिती दिली. सीटवरून चॅनेल लागत नसल्यामुळे तो मार्ग खुंटला.

म्हणून शुक्रवारी सकाळी ती सीट मी इमारतीच्या मागे फुटपाथवर उभी केली आणि बादली आणायला वर गेलो. परत आलो तर म्युनिसिपालिटीचा एक इन्स्पेक्टर तिच्याभोवती फिरत होता.

"यह किस का है?"

"मेरा."

"पुराना फर्निचर रस्ते पे फेकना मना है. फाइन लगेगा."

आता फर्निचर! माझा आवाज चढला. "साहब, यह फर्निचर नहीं है. यह मर्सिडीज है!"

तो सीटकडे बघत राहिला. सीटवर आफ्रिका होती. मग त्याने शांतपणे विचारलं, "बाकी मर्सिडीज किधर है?"

मी इंग्रजीवर गेलो. अशा वेळी मी इंग्रजीवर जातो. फर्निचर या शब्दाची व्याख्या, जंगम मालमत्तेचा तात्पुरता विलग केलेला भाग, असं बरंच बोललो. त्याने खिशातून पेन काढलं. तेवढ्यात कॅस्मिरराव दुधाची पिशवी घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सीटकडे बघितलं आणि पुढे होऊन सलाम करून म्हणाले, "हबीबी, मेरी बेटी, शादी. यह मेरा दोस्त. मेरी बेटी के लिए साफ करता है."

"बेटी की शादी?" इन्स्पेक्टरचा चेहराच बदलला. "मबरूक, मबरूक!" त्याने कॅस्मिररावांशी हस्तांदोलन केलं, पेन खिशात ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "यल्ला, इस को घर ले जाओ." त्याचा 'इस को' सीटला उद्देशून होता, असं मी आजही मानतो.

सीटचं एक टोक कॅस्मिररावांनी धरलं, एक मी. लिफ्टमध्ये ती उभी धरून वर जाताना तिच्या एका कडेची शिवण उसवली. फटीतून आत पांढरं, बारीक विणीचं कापड दिसत होतं. चामड्याला आतून कापड नसतं. जगातल्या कुठल्याही गायीला, म्हशीला, शेळीला आतून कापड नसतं. लिफ्टमध्ये आम्ही दोघं आणि आमच्या मधे ते कापड, असे पाच मजले चढलो.

"जर्मनीत असंच लेदर करत असतील," कॅस्मिरराव हळूच म्हणाले.

अपमान सहन होतो हो. ही दया सहन होत नाही.

सीट बाथटबमध्ये ठेवली. ती आडवी बसेना, म्हणून तिरकी टेकवली. आंघोळीला आम्ही तिघं टॉवेल घेऊन समोर लोपीसांकडे जायला लागलो. घरात लग्न, पाहुणे उतरलेले, आणि बाथरूमच्या रांगेत पुण्याचे तीन जण. सिसिलियावहिनींच्या वसईहून आलेल्या थोरल्या बहिणीने मला दारातच विचारलं, "तुमच्याकडं पाणी नाय येत का?" म्हटलं, येतं, पण सीट आहे. त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी गरम पाण्याची बादली काढून ठेवली.

इकडे शोभनाने स्वयंपाकघरातलं भांडी घासायचं लिक्विड कोमट पाण्यात कालवलं, दाढीचा ब्रश घेतला (माझा) आणि सीटच्या एका कोपऱ्यावर हलके हलके फिरवायला लागली. "ओल्या फडक्यानेच पुसायचं," ती म्हणाली, "आत पाणी जाऊ द्यायचं नाही." थोड्या वेळाने तिने मला हाक मारली.

कोपरा पांढरा झाला होता. पांढरा म्हणजे अगदी पांढरा नव्हे, सायीच्या रंगाचा. मी घाबरून ओरडलो, "अगं, रंग काढलास तू!"

"रंग नाही हो," ती म्हणाली आणि ब्रश पाण्यात बुडवला. पाणी चहासारखं झालं. "मळ आहे."

सात वर्षं ज्याला मी कोन्याक म्हणत होतो, त्यात निम्मा इंग्रजाच्या पाइपचा धूर होता आणि निम्मं आमचं खोबरेल. मी टबाच्या काठावर बसलो. पाहुण्यांना मी तो रंग बोटाने दाखवत असे.

पण अशा प्रसंगी खचून जाणारा मी नव्हे. शोभना अर्धी सीट पुसून बाजारात गेली तेव्हा मला वाटलं, इतक्या मोठ्या वस्तूला दाढीचा ब्रश काय पुरणार? मी शॉवर पूर्ण सोडला. मळ भराभर वाहून गेला, आणि मी समाधानाने शीळ घातली. पंधरा मिनिटांनी घरात एक वास यायला लागला. आधी मला शेजारच्यांचं मटण वाटलं. मग वाटलं, कोणाच्या तरी घरात ओला घोडा शिरला आहे. दुसरा अंदाज बराचसा बरोबर होता. जुन्या जर्मन सीटमध्ये स्पंजऐवजी घोड्याचे केस आणि काथ्या भरलेला असतो, ही माहिती सुजीतने इंटरनेटवरून काढून रात्रीच्या जेवणाच्या वेळी आणून दिली. उसवलेल्या शिवणीतून पाणी आत गेलं होतं.

त्यानंतर आठवडाभर आमच्या दिवाणखान्यात एसीसमोर ती सीट बसलेली होती आणि आम्ही जमिनीवर. शोभना हेअर ड्रायरने शिवणीतून वारा घालायची. तिने पुढच्या सीटाही गाडीत बसूनच, ओल्या फडक्याने, एकटीने स्वच्छ केल्या. उसवलेली कड सिसिलियावहिनींनी दाभणाने शिवून दिली, गाऊनला मोती लावायचं काम बाजूला ठेवून. मी देखरेख केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती सीट खाली नेताना लिफ्ट बंद होती. घोडा अजून पूर्ण वाळलेला नव्हता. दुसऱ्या मजल्यावर माझ्या कमरेत कट्ट असा आवाज झाला आणि मी ज्या कोनात होतो त्याच कोनात राहिलो.

तरीही मी सीट बसवली. आणि खरं सांगतो, गाडी आतून सुरेख दिसत होती. सायीच्या रंगाची, नीटनेटकी. फक्त मला ती जरा निस्तेज वाटली. लेदरची ती श्रीमंत चकाकी नव्हती. म्हणून मी, कमरेतून वाकलेल्या अवस्थेत, पेट्रोल पंपावरून एक चकाकीचा स्प्रे आणला आणि मागच्या सीटवर उदार हाताने मारला. आता सीटमध्ये तोंड दिसत होतं.

लग्नाच्या दुपारी माझा सूट इस्त्री होऊन तयार होता, पण त्यात सरळ उभं राहणारं कोणी नव्हतं. क्लच दाबायला पाय उचलला की कमरेतून कळ यायची आणि डोळ्यांपुढे वसई-पुणे एक व्हायचं. समोरच्या दारात ऑड्री गाऊन घालून उभी. सुजीतची गाडी कंपनीने अबू धाबीकडच्या मुसफ्फाला पाठवलेली. शुक्रवारची दुपार, टॅक्सी मिळेना. सगळे माझ्याकडे बघत होते.

शोभनाने माझ्या हातातून किल्ली घेतली. मागितली नाही, घेतली. पैठणीचा पदर खोचला, चपला काढून सीटखाली सारल्या, आरसा स्वतःच्या उंचीला लावला आणि म्हणाली, "बसा."

मी पुढे तिच्या शेजारी बसलो, प्रश्नचिन्हासारखा. मागे नवरी आणि कॅस्मिरराव. "हळू," मी म्हणालो. "ही गाडी जड आहे. आधी क्लच..."

"अहो, गप्प बसा."

पहिल्या सिग्नलला तिने ब्रेक लावला. अगदी सौम्य ब्रेक. मागून सळ्ळकन आवाज आला आणि ऑड्री नाहीशी झाली. वळून बघता येत नव्हतं, म्हणून मी आरशात बघितलं. आरशात कॅस्मिरराव एकटेच होते आणि ते खाली बघत होते.

"बाळा, लागलं का?"

"नाही, डॅडी." आवाज माझ्या सीटच्या मागून, घोट्याच्या उंचीवरून येत होता.

सॅटिनचा गाऊन आणि माझी चकाकी यांचं जमलं होतं. कॅस्मिररावांनी तिला वर ओढून घेतलं. राउंडअबाऊट आला. ऑड्री या दारापासून त्या दारापर्यंत गेली, वाटेत वडिलांना घेऊन. पुढच्या वळणावर दोघं मिळून परत आले. मी ओरडलो, "शोभना, वळणं घेऊ नकोस!" तिने विचारलं, "मग चर्च सरळ रेषेत आणू का?" मागून विचित्र आवाज यायला लागले. मला वाटलं पोरगी रडते आहे. लग्नाच्या दिवशी, माझ्या गाडीत. ऐकलं नीट, तर ती हसत होती. इतकी, की तिला श्वास घेता येईना, आणि तिच्यामागून कॅस्मिररावही.

"शोभना आंटी, डोंट स्टॉप," ऑड्री म्हणाली. "मी खालीच बसते. इथे बेस्ट आहे." आणि तिने गाऊन आवरून मॅटवर मांडी घातली.

चर्चच्या दारात सगळं वऱ्हाड उभं होतं. बँड वाजायला लागला. फोटोग्राफरने वाकून कॅमेरा लावला, कोणीतरी अदबीने मागचं दार उघडलं, आणि आत सायीच्या रंगाच्या लखलखीत सीटवर कॅस्मिर लोपीस एकटेच बसलेले होते.

बँड थांबला. केनेथची आई, भरजरी साडीतली धिप्पाड बाई, छातीवर हात ठेवून किंचाळली, "पळाली!"

पायऱ्यांवर उभ्या असलेल्या केनेथचा चेहरा मी पाहिला. तो मी विसरणार नाही. आयुष्यात माझ्यामुळे कोणाचा चेहरा असा पडला नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं, पण मी वाकलेला असल्यामुळे जे काही बोललो ते डॅशबोर्डला ऐकू गेलं. तेवढ्यात गाडीच्या तळातून आधी फुलांचा गुच्छ वर आला, मग जाळीचा व्हेल, मग ऑड्रीचा हसून लाल झालेला चेहरा. गाऊनवर एक डाग नव्हता. केनेथ पायऱ्या उतरून धावत आला, आणि नियमाप्रमाणे आत जाऊन थांबायचं सोडून त्याने तिला तिथेच गाडीतून उचलून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफर म्हणाला, असा फोटो त्याला कधीच मिळाला नव्हता.

रात्री रिसेप्शनला कॅस्मिररावांनी माइक घेतला. मी खुर्चीतल्या खुर्चीत जमेल तितका ताठ झालो. त्यांनी देवाचे, फादरचे, पाहुण्यांचे आभार मानले, आणि मग म्हणाले, "आमच्या शोभनावहिनींचे आभार कसे मानू? त्यांनी माझी मुलगी सुखरूप पोचवली. आणि विजयभाऊंनी..." इथे ते थांबले. अख्खा हॉल थांबला. "विजयभाऊंनी फार कष्ट घेतले."

आमच्या टेबलावर ऑड्रीची वसईची मावशी होती, ती बादलीवाली. तिला मी म्हणालो, "कॅस्मिरराव मराठी किती छान बोलले, नाही?" तिने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही पण बरं बोलता."

कमर महिनाभराने सुटली. दरम्यान एका संध्याकाळी फोन आला. करामाहून कोणी कुलकर्णी म्हणून होते, त्यांच्या मुलीचं लग्न डिसेंबरात. लोपीसांच्या रिसेप्शनला ते आले होते. मी आवाज खोल केला आणि सांगितलं, की हो, गाडी देता येईल, एकोणऐंशीचं मॉडेल आहे, आतून पूर्ण रिस्टोअर केलेली, आणि सीट्स...

"नाही नाही, गाडी आहे आमची," कुलकर्णी घाईघाईने म्हणाले. "चालवायला शोभनाताई मोकळ्या आहेत का, तेवढं विचारायचं होतं."

मी फोन शोभनाकडे दिला. ती डायरी बघून हो म्हणाली. ठेवता ठेवता तिने पलीकडचं काहीतरी ऐकून घेतलं, माझ्याकडे नजर टाकली आणि म्हणाली, "हो, हो, ते पण येतील. ते मागून टॅक्सीने येतील."